नवीन मशीन घेऊ का? आणि ट्रंकेतल्या साड्यांचं काय करू?

ह्या वेळी ब्लाउजच्या गळ्यांचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात घेऊ. मशीनची पत्रं बरीच साचली होती, त्यातली चार निवडलीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कराडची. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर झालेय. घरात सासूबाईंचं काळं पायमशीन आहे, परकर, अभ्रे, नातवंडांची झबली सगळं त्यावरच शिवलं. आता मुलगा म्हणतो, आई नवीन इलेक्ट्रिक घे, वीस हजारांपर्यंत मी देतो. दुकानात गेले तर त्यांनी साठ टाक्यांचं कॉम्प्युटरवालं मशीन दाखवलं आणि म्हणाले क्विल्टिंगला हेच लागतं. मला मोबाईलवर परदेशातल्या बायकांचे क्विल्टिंगचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय, ते चौकोन-त्रिकोण जोडलेले बघून हात शिवशिवतात. शिवाय ट्रंकेत सासूबाईंची सुती नऊवारी लुगडी पडून आहेत. मशीन कुठलं घेऊ, ह्या वयात क्विल्टिंग जमेल का, का आपली गोधडीच बरी?

उत्तर : वयाचं आधी सोडून द्या, परकराला घेर घालणाऱ्या बाईला चौकोन जोडता येणार नाही असं कुठं असतं का. आणि दुकानदारानं सांगितलं ते त्याच्या धंद्याचं सांगितलं, तुमच्या कामाचं नाही.

क्विल्टमध्ये कामं तीन. तुकडे जोडून वरचा थर करायचा, मग तो थर, मधे कापसाची किंवा फायबरची शीट आणि खाली अस्तर असं एकावर एक घालून तिन्ही मिळून शिवायचं, आणि शेवटी कडेनं मगजी लावायची. तिन्ही कामांना लागते ती सरळ टीप, बाकी काही नाही. साठातले दोन-तीन टाके सोडले तर उरलेले पहिल्या आठवड्यात कौतुकानं करून बघायचे, शेजारणीला दाखवायचे आणि मग विसरायचे, बहुतेक घरांत हेच होतं.

आता गंमत अशी की तुकडे जोडायला तुमचं काळं मशीन नव्यापेक्षा एका बाबतीत सरस आहे. त्याच्या सुईखालच्या प्लेटला एकच बारीक गोल भोक असतं. झिगझॅग मशीनमध्ये सुई डावी-उजवीकडे सरकते म्हणून तिथं भोक आडवं लांबट, आणि बारीक तुकड्याचं टोक सुरुवातीलाच सुईबरोबर त्या फटीत खाली ओढलं जातं, त्रिकोणाचं टोक तर हमखास. काळ्या मशीनवर हा त्रास फार कमी. (नवीन मशीनवर असं झालं तर आधी एका चिंधीवर टीप सुरू करायची आणि दोरा न तोडता तिच्यामागोमाग तुकडा सरकवायचा, मग ओढत नाही.)

तुकडे जोडण्यातली खरी मेख म्हणजे पाव इंचाचा दाब, म्हणजे टिपेपासून कडेपर्यंत सोडलेलं कापड. ब्लाउजला आपण अर्धा-पाऊण इंच सोडतो, थोडं इकडंतिकडं झालं तर उसवून बघता येतं. इथं पाव म्हणजे पावच. एका ओळीत आठ चौकोन असले तर सात जोड येतात, आणि दर जोडात दोन्ही बाजूंना मिळून दोन मिलिमीटर जरी जास्त गेलं तरी ओळ चौदा मिलिमीटरनं, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्तच आखूड होते, मग खालच्या ओळीशी जोड जुळत नाहीत आणि माणूस वैतागून सगळं पिशवीत भरून माळ्यावर टाकतो. त्यासाठी एक परीक्षा करून बघा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, पाव इंचावर टिपा मारून शेजारी शेजारी जोडा, इस्त्री फिरवा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन. नाही भरली तर सुईपासून मोजून प्लेटवर चिकटपट्टीचे दोन-चार थर लावून कड तयार करा आणि कापड त्या कडेला टेकवून चालवा. हे काम आजच्या आज, एक रुपया खर्च न करता, सासूबाईंच्या मशीनवर होतं. तेव्हा पहिला सल्ला हाच की मुलाचे वीस हजार महिना-दोन महिने बँकेतच राहू द्या आणि जुन्या मशीनवर एक बाळाचं दुपटं करून बघा, छत्तीस बाय छत्तीस इंच, त्याहून मोठं नको.

मशीनची कसोटी लागते ती तीन थर एकत्र शिवताना. प्लेटमधले खालचे दाते अस्तराला मागं ओढतात आणि वरचा फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय) वरच्या कापडाला दाबून पुढं ढकलत राहतो, त्यामुळे टीप शेवटाला पोचेपर्यंत वर चुण्या पडतात. ह्याला उपाय म्हणजे वॉकिंग फूट, त्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचं कापडही त्याच वेगानं मागं नेतो. हा फूट वेगळा विकत मिळतो पण घेताना तुमच्या मशीनचा फूट बसवायचा दांडा आखूड का लांब ते बघावं लागतं. फूट खाली टेकवून प्लेटपासून फुटाच्या स्क्रूपर्यंत मोजा, पाऊण इंचाच्या आसपास असेल तर आखूड दांडा, सव्वा इंच असेल तर लांब. आपल्याकडची घरगुती मशीनं बहुतेक आखूड दांड्याचीच. त्या फुटाला बाजूनं एक लोखंडी हात असतो, तो सुईच्या स्क्रूवर नीट बसला पाहिजे, नाहीतर नुसताच फूट बसवला आणि चालला नाही म्हणून तक्रार, अशी पत्रं मला दर दोन महिन्यांनी येतात.

वेलबुट्टीसारखी गोल फिरती टीप घालायची असेल तर दाते खाली पाडता आले पाहिजेत, कारण तिथं कापड मशीननं नाही, आपल्या हातानं फिरवायचं असतं. काही मशीनला त्यासाठी मागं खटका असतो, काहींना दात्यांवर बसवायची झाकणी देतात. दोन्ही चालतं, पण दुकानात विचारून आणि हातानं करून बघा, बॉक्सवर लिहिलंय ह्यावर जाऊ नका.

आणखी एक गोष्ट दुकानदार स्वतःहून कधीच सांगत नाही, ती म्हणजे सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची जागा. घरगुती मशीनला ती साधारण सहा-सात इंच असते. डबलबेडचा क्विल्ट मधोमध शिवायला घेतला की अर्ध्या क्विल्टची गुंडाळी त्या सहा इंचातून जायची असते, उरलेला अर्धा टेबलावरून खाली लोंबतो आणि त्याच्या वजनानं टीप वाकडी ओढली जाते. व्हिडिओतल्या बायकांची मशीनं त्यासाठीच लांब हाताची असतात आणि त्यांच्या किमती ऐकल्या तर तुमचा मुलगा फोन ठेवून देईल. म्हणून मोठा क्विल्ट घरगुती मशीनवर करायचा तर भाग भाग शिवून मग जोडायचे, नाहीतर मधलं काम सरळ हातानं.

मग घ्यायचं कुठलं? दुपटं झालं, मजा आली आणि तरी नवीन हवंसं वाटलं तर साधं मेकॅनिकल झिगझॅग मशीन, दहा-पंधरा हजारांच्या आसपासचं, दाते खाली पडणारं. उषा, सिंगर, ब्रदर, ज्याचा मेकॅनिक कराडात बोलावल्यावर येतो ते घ्या, ह्या किमतीत एवढाच फरक मला महत्त्वाचा वाटतो. दुकानात जाताना आपलं कापड घेऊन जा, कारण ते लोक कडक खळीच्या पट्टीवर शिवून दाखवतात आणि त्या कापडावर कुठलंही मशीन छान चालतं. तुम्ही जुन्या लुगड्याचे दोन पदर न्या आणि जीन्सचा एक तुकडा न्या. लुगड्यावर टीप घालून चुण्या येतात का बघा, जीन्स चार पदरी घडी करून शिवा आणि पायडल अगदी हळू दाबून मशीन एक-एक टाका घालतं का, का गुरगुरून एकदम पळत सुटतं ते बघा. जे हळू चालतं ते चांगलं. मशीन हलकं असेल तर टेबलावर सरकतं, तेव्हा उचलून पण बघा. आणि काळं मशीन मोडीत देऊ नका, एक्स्चेंजमध्ये तर मुळीच नाही. लाइट गेल्यावर तेच उपयोगाला येईल, आणि तुकडे जोडायला दोरा भरून एक आणि क्विल्टिंगला वॉकिंग फूट लावून दुसरं अशी दोन मशीनं मांडली की कामाला जो वेग येतो तो साठ टाक्यांनी येत नाही.

उरलेल्या पैशात गोल पात्याचा कटर, खाली घालायची मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी घ्या. कात्रीनं शंभर चौकोन एकसारखे कापता येत नाहीत. तो कटर मात्र नातवंडांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, पातं ब्लेडसारखंच असतं, वापरून झालं की लगेच मिटवायचं.

आता ट्रंक. इथं माझं मत जरा ठाम आहे, ती लुगडी कापून त्रिकोण करू नका, त्यांची गोधडीच करा आणि तीही हातानं. जुनं विरलेलं सूत मशीनच्या घट्ट टिपेखाली भोकाभोकांच्या रेषेवर फाटतं, हाताचा धावदोरा सैल असतो, कापडाबरोबर हलतो, म्हणून गोधड्या वर्षानुवर्षं टिकतात. आधी सगळी लुगडी धुऊन उन्हात वाळवा. मग एकेक उजेडापुढं धरा आणि दोन्ही अंगठ्यांत धरून हलकं ताणा. सुटत असेल तर ते आतल्या थरात, टिकत असेल ते वरच्या आणि खालच्या अंगाला. काठाला जरीचं काम असेल तर काठ उसवून बाजूला काढा, जर टोचते आणि सुई अडते. रेशमी किंवा टेरिलीनचं काही असेल तर ते ह्यात मिसळू नका, सुती आणि ते सारखं आकसत नाही, आणि पहिल्याच धुण्यात गोधडी फुगते.

हिशोब सोपा आहे. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट लांब, पन्हा चार फुटांच्या आसपास. पाच बाय सात फुटांच्या गोधडीला एका थराला पावणेनऊ फूट लागतं, कारण चार फुटी पन्ह्याला शेजारी एक फुटाचा जोड द्यावा लागतो. म्हणजे एका लुगड्यात तीन थर. दोन लुगड्यांत सहा थरांची चांगली जाड गोधडी होते, तीन घेऊ नका, सुई घालताना बोटं दुखतील आणि धुतल्यावर ओली उचलवणार नाही. जमिनीवर सतरंजी टाकून त्यावर थर अंथरा, जोड एकावर एक येऊ देऊ नका, कडेला वरवंटा, तांब्या, डबे ठेवून ताण द्या आणि आधी लांब लांब कच्चे टाके घाला, हे काम जावेला नाहीतर शेजारणीला बोलावून दोघींनी करायचं. मग कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्या मारत आत आत जायचं, ओळींत बोटभर अंतर. जाड सुती दोरा, त्याला थोडं मेण, मधल्या बोटात अंगुस्तान. एका बैठकीत करायचं काम नाही हे, टीव्ही बघत चालू ठेवायचं.

आणि "गोधडीच" मधला तो च काढून टाका. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून एक गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायका पिढ्यान् पिढ्या शेतात घालून विरलेल्या पँटी, शर्ट, पोती जोडून थंडीसाठी क्विल्ट करायच्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, पुढं न्यूयॉर्कला गेलं, आणि २००६ मध्ये त्यांच्या क्विल्टवर अमेरिकेच्या पोस्टानं तिकिटं काढली. तुम्ही व्हिडिओत बघता ते मापात कापलेले त्रिकोण हा क्विल्टचा एक प्रकार झाला. बंगालात जुन्या साड्यांचा कांथा आहे, कर्नाटकात कौदी आहे, तिथंच हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका करतात ती कवंद तर रंगांसाठी बघण्यासारखी असते, आणि आपली वाकळ त्यांच्याच पंगतीत बसते. तेव्हा दुपटं मशीनवर करा, गोधडी हातावर करा, दोन्ही एकदम चालू ठेवली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : मावशी, मी न्यू जर्सीत असते, इथं येऊन क्विल्टिंग शिकले. पुढच्या वर्षी आम्ही कायमचे पुण्याला परत येतोय. माझं कॉम्प्युटराइज्ड मशीन बरोबर आणू का, का विकून टाकू? फार जीव आहे त्याच्यावर.

उत्तर : मशीनच्या मागं किंवा खाली प्लेट असेल ती वाच बाई. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. प्लेटवर फक्त १२० लिहिलं असेल, आणि बहुतेक तसंच असेल, तर नुसता प्लग बदलून इथं लावलंस की आतला बोर्ड गेला. वापरायचं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, मशीनच्या वॅटच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घे. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतात ते चिमुकले कन्व्हर्टर इलेक्ट्रॉनिक मशीनला चालत नाहीत, कुणी कितीही सांगितलं तरी लावू नकोस. पण ट्रान्सफॉर्मर घेतला तरी वॉरंटी इथं चालेल का, त्या मॉडेलचे पार्ट पुण्यात मिळतील का, हा प्रश्न राहतोच. पार्ट मिळत असतील तर आण, नाहीतर मी म्हणेन तिथंच एखाद्या मैत्रिणीला विकून टाक आणि त्या पैशात इथं घे. बॅगेत जागा करायचीच असेल तर पट्ट्या, कटरची जास्तीची पाती, हाताच्या क्विल्टिंगच्या बारीक सुया आणि जमेल तेवढी सुती बॅटिंग (क्विल्टच्या मधे घालायची शीट) आण, इथं फायबरची शीट कुठंही मिळते पण चांगली पातळ सुती शोधावी लागते. कापड मात्र अजिबात आणू नकोस, पुण्यात येऊन लक्ष्मी रोड आणि रविवार पेठेत एक चक्कर मारलीस की तिथं चौकोनी तुकड्यांना किती डॉलर मोजले होते ते आठवून स्वतःवरच चिडशील. फक्त इथलं कोरं सुती कापण्याआधी रात्रभर पाण्यात घालायचं, आकसतं, आणि लाल-निळा रंग सुटतो का ते पांढऱ्या चिंधीवर बघायचं.

प्रश्न : ताई, नवीन मशीन घेऊन पंधरा दिवस झाले, वरून टीप छान दिसते पण खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता, जाळं होतं. बॉबीन तीनदा बदलली, बॉबीनचा स्क्रू पण घट्ट केला. मशीन परत करू का? (नाशिक)

उत्तर : परत करू नका आणि तो बॉबीनचा स्क्रू पुन्हा होता तसा करा. खाली जाळं झालं की नव्वद टक्के वेळा गडबड वरच्या दोऱ्यात असते, आपण मात्र खाली दिसतं म्हणून खालचं खोलत बसतो. फूट वर उचला आणि मग दोरा ओवा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे न जाता वरूनच निसटतो, त्याला ताणच बसत नाही आणि सगळा दोरा खाली जाऊन गोळा होतो. ओवून झाल्यावर फूट खाली करून दोरा ओढून बघा, सुई वाकेल इतपत अडला पाहिजे. त्यानंतर सुई बघा, घरगुती सुईला एका अंगानं सपाट असतं, ते सपाट अंग आजच्या बहुतेक मशीनमध्ये मागच्या बाजूला जातं, पुस्तिकेत चित्र असेल. आणि टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटानं मागं धरून ठेवा. एवढं करून पण जाळं आलं तर मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी रत्नागिरीचा, एसटीतून निवृत्त. आईचं जुनं पायमशीन सुरू करायचं म्हणतोय, बायकोला गोधड्या शिवायच्या आहेत. चाक फिरतच नाही, जाम झालंय. कुणीतरी मधे खोबरेल घातलं होतं म्हणे. काय करावं?

उत्तर : खोबरेल कुणी घातलं ते आता शोधू नका, घरात भांडण नको. स्वयंपाकाचं कुठलंही तेल मशीनमध्ये काही महिन्यांत चिकट होऊन वाळतं, त्यात धूळ आणि दोऱ्याचा भुगा बसला की सिमेंट. आधी पट्टा काढून ठेवा. मग वरच्या भोकांत, सुईच्या दांड्याला, खाली शटलच्या घरात (बॉबीन बसते तिथं), जिथं जिथं लोखंडावर लोखंड फिरतं तिथं रॉकेलचे थेंब सोडा. हल्ली रॉकेल मिळणं अवघड झालंय, तर गंज सुटायचा स्प्रे मिळतो तो चालेल, मात्र तो पुसून काढायचा, तेलाऐवजी तसाच ठेवायचा नाही. रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी चाक हातानं मागंपुढं हलवा, जबरदस्ती नको, तुम्ही गाड्यांत काम केलंय त्यामुळे जाम बोल्ट कसा सोडवतात ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन-तीनदा करावं लागेल. शटलचं घर उघडून जुन्या टूथब्रशनं भुगा काढा, तिथं दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो आणि कित्येकदा सगळा जाम त्यानंच झालेला असतो. काळं पाणी यायचं थांबलं की पुसून कोरडं करा आणि मशीनचं पातळ पांढरं तेल, प्रत्येक भोकात एक-दोन थेंब.

चामड्याचा पट्टा इतक्या वर्षांत वाळला असेल, नवीनच घ्या, आणि तुमच्याकडच्या पावसात तो सैल पडतो तेव्हा थोडा कापून पुन्हा पिन मारायची एवढं लक्षात ठेवा. गोधड्यांना सोळा नंबरची सुई लावा, टाका जरा मोठा ठेवा, आणि पहिले दोन दिवस फक्त जुन्या फडक्यांवर चालवा, आत राहिलेलं तेल टिपेबरोबर कापडावर उतरतं. फडकं स्वच्छ बाहेर आलं की मगच वहिनींना बसवा.